पाऊस सरासरीएवढा पडला, मग तूर का गेली?

मी रानात एक सवय लावून घेतली आहे. सोयाबीन आणि तूर महिना-सव्वा महिन्याची झाली की चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलायची, बादलीत हलक्या हाताने मुळं धुवायची आणि मुळांवरच्या गाठी नखाने फोडून बघायच्या. झाड नुसतं ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात, म्हणून खुरपं. गाठ आतून गुलाबी, लालसर निघाली की जिवात जीव येतो. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर समजायचं, झाड वरून हिरवं दिसत असलं तरी खाली चूल विझली आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने जो कहर केला, त्यानंतर असंच बघायला गेलो होतो. आमचं शेत लातूर जिल्ह्यात, काळ्या भारी मातीचं. खालच्या अंगाला तुरीच्या मुळांवर एकही गुलाबी गाठ सापडली नाही. बोटांत धरली की गाठ पाणचट होऊन फुटायची. तिथून पन्नास पावलांवर, रानाच्या चढाला, तेच बियाणं, त्याच दिवशीची पेर, आणि गाठी लालबुंद. पाऊस दोन्हीकडे एकच पडला होता. चढावरचं पाणी दुसऱ्या दिवशी निघून गेलं होतं, खालचं नऊ दिवस हललं नव्हतं.

या फरकाला आपल्याकडे वाफसा म्हणतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्या सगळ्या पाण्याने भरल्या की चिखल, सगळ्या रिकाम्या झाल्या की कोरड, आणि काहींत पाणी, काहींत हवा असली की वाफसा. मूठभर माती दाबून लाडू वळावा, कमरेच्या उंचीवरून सोडावा. पडून फुटला तर वाफसा आहे, थापीसारखा बसला तर नाही. हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे आणि कडधान्यांच्या शेतीत आज जे बिघडलं आहे ते समजायला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा किती मिलिमीटर पावसावर येतात हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती वाफशाच्या दिवसांवर येतात.

असं का, हे त्या गुलाबी गाठीतच दडलेलं आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण झाडांना तो तसाच घेता येत नाही. शेंगावर्गीय पिकांनी यावर तोड काढली. मातीतले रायझोबियम नावाचे जिवाणू त्यांच्या मुळांच्या केसांतून आत शिरतात, झाड त्यांना राहायला गाठ बांधून देतं, पानांत तयार झालेली साखर खाली पाठवतं आणि बदल्यात जिवाणू हवेतल्या नत्राचं खत करून देतात. १८८६ मध्ये हेलरीगल या जर्मन शास्त्रज्ञाने हे कोडं सोडवलं. आपले शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे आधी हरभरा घेतलेल्या रानात, ज्वारी चांगली येते हे ओळखून होते.

पण या व्यवहारात एक अडचण आहे. नत्र बांधणारं जे विकर (एन्झाइम) आहे ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि तेच काम करणाऱ्या जिवाणूंना जगायला ऑक्सिजन हवाच असतो. म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं द्रव्य तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच ते भावंड, आणि गाठीचा गुलाबी रंग त्याचाच. ते ऑक्सिजन पकडून ठेवतं आणि मोजून मोजून जिवाणूंच्या हाती देतं.

आता या गाठीवर पाणी साचलं तर काय होईल बघा. हवेतून ऑक्सिजन जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं आणि मातीतले जीव उरलासुरला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपवतात. गाठ गुदमरते, गुलाबी रंग जातो, पानं पिवळी पडतात. भोवती पाणीच पाणी आणि झाड उपाशी. भाताच्या अंगात हवेच्या पोकळ नळ्या असतात, म्हणून तो गुडघाभर पाण्यात मजेत उभा राहतो. तुरीकडे तशी सोय नाही. उलट पावसाचा खंड पडला तरी गाठीच आधी बंद होतात, कारण ताणात झाड साखर हात राखून देतं. पानं सुकायच्या आधीच नत्राचं काम थांबलेलं असतं. आणि पेरणीनंतर गाठी धरून कामाला लागायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे दहा दिवस रान चिबडलं तर नुकसान दहाच दिवसांचं नसतं, गाठी पुन्हा उभ्या राहीपर्यंतचा काळही त्यात धरावा लागतो.

पिवळेपणा दिसला की युरियाची गोणी उचलून नेणारे खूप आहेत. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, डोळ्यांदेखत पीक जाताना हातावर हात ठेवून कोण बसेल? पण रान वाफशावर यायच्या आधी टाकलेला युरिया पिकाला मिळत नाही. पाणी काढणं आधी, खत नंतर.

पावसाचं काय बदललं?

बातम्यांत जो आकडा येतो तो हंगामाच्या एकूण पावसाचा असतो. अमुक जिल्ह्यात सरासरीच्या ९८ टक्के पाऊस, असं वाचलं की शहरातल्या माणसाला वाटतं, चला, सगळं ठीक झालं. या आकड्याने आपली फार दिशाभूल केली आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या पावसाचा हिशोब मांडला. एकूण पावसात मोठा फरक नव्हता. पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम, रिमझिम, जिरणारे पाऊस कमी झाले होते. म्हणजे बेरीज तीच, हप्ते बदलले. पुढे २०१७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण तसं सरळ आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. वाफ साठायला वेळ घेते आणि सुटली की एकदम सुटते. म्हणून मधले खंड लांबतात आणि पाऊस आला की धो धो येतो.

काळ्या मातीत हे दुप्पट बोचतं. उन्हाळ्यात ती भेगाळते, पहिला पाऊस पोटात घेते. ओली झाली की चिकणमाती फुगून भेगा मिटतात आणि पाणी आत जायची वाटच बंद होते. १०० मिलिमीटर पाऊस आठवडाभर रोज थोडा थोडा आला तर त्यातला बराच मुळांपाशी साठतो. तोच एका रात्रीत आला तर वरची माती घेऊन ओढ्याला जातो, आणि उरलेला बांधाशी तळं करून बसतो. पर्जन्यमापकात दोन्ही सारखेच दिसतात.

हंगामभर हे कसं घडतं

जूनमध्ये पहिला प्रश्न पेरायचं कधी हा असतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका. पण मुगाची आणि उडदाची गोष्ट वेगळी आहे. मूग साठ-पासष्ट दिवसांचा, उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांचा. ते जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडले तर गौरी-गणपतीच्या आसपास घरात येतात आणि रान रब्बीला मोकळं होतं. मृग कोरडा गेला, आर्द्रा अर्धी गेली की ही खिडकी बंद होते आणि माणूस सोयाबीनकडे वळतो, कारण सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं. आमच्या शिवारातून मूग-उडीद हटण्यामागे सोयाबीनचा भाव आहेच, पण हा उशीरही आहे.

२०२५ मध्ये उलटं झालं. पाऊस मेमध्येच आला, २६ मे रोजी मान्सून मुंबईत होता. लोकांना भुरळ पडली. पण लवकर आलेला पाऊस लवकर थांबूही शकतो, आणि मग उगवण अर्धी-मुर्धी होऊन दुबार पेरणीची वेळ येते. बियाणं दोनदा, मजुरी दोनदा, पीक एकच.

ऑगस्टमध्ये मूग-उडीद शेंगात, सोयाबीन फुलात. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासून देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. हलक्या रानात मुगाची फुलं दहा-पंधरा दिवसांच्या ताणात गळून जातात. नंतर कितीही पाऊस आला तरी त्या फुलांच्या शेंगा होत नाहीत. मुगाला तुरीसारखा दुसरा डाव खेळायला आयुष्यच नसतं.

मग सप्टेंबर. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य राजस्थानातून तो माघारी फिरायला लागतो ती तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. हा कागदावरचा बदल आम्हाला खळ्यावर दिसतो. पिकलेल्या मुगाच्या शेंगेवर तीन-चार दिवस पाऊस राहिला की दाणा शेंगेतच कोंब काढतो. उडदाला काळी बुरशी चढते, सोयाबीनच्या शेंगा झाडावरच फुगून उकलतात. मोंढ्यात असा माल डागी ठरतो आणि हमीभावाच्या खरेदीत तर तो घेतच नाहीत.

तूर या सगळ्यातून टिकून राहते, म्हणून तिच्यावर माझा जीव आहे. तिचं सोटमूळ खोल जातं, ऑगस्टच्या खंडात ती खालची ओल ओढत उभी असते. फुलाचा एक बहर गेला तर ती दुसरा धरू शकते. पण तिची एक खोड आहे. तूर पावसाकडे बघून फुलत नाही, दिवस लहान व्हायला लागले की फुलते. पेरणी महिनाभर लांबली म्हणून ती फुलणं महिनाभर पुढे ढकलत नाही. जेवढी वाढली तेवढ्यावर फुलायला घेते. जुलैच्या शेवटी पेरलेली तूर खुजी राहते, फांद्या कमी, शेंगा कमी. आणि कोवळ्या वयात मुळाशी पाणी साचलं तर बुरशीने खोड करपून झाडं ठिकठिकाणी वाळतात, कितीही बी टाकलं तरी ताटवे उजाडच राहतात.

पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ भरून येतं, धुई पडते. फुलगळ होते, शेंगा पोखरणाऱ्या अळीचं फावतं, आणि पाऊस-चिखलात फवारणीला रानात शिरता येत नाही. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. त्या दिवशीच्या भज्जीत ओल्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वालाचे दाणे पडतात आणि वर आंबिल. गेल्या काही वर्षांत येळवशीच्या दिवशी तुरीच्या शेंगा चपट्या असण्याची वेळ आमच्यावर दोनदा आली. आईने बाजारातून वाटाणा आणून भज्जी केली. चव होती, पण तिला बोललेलं आवडलं नाही, तिने विषय बदलला.

हरभऱ्याचं गणित पूर्ण वेगळं. तो पावसाचा नाही, पावसाने मागे ठेवलेल्या ओलीचा. कोरडवाहू हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण हलक्या सरींची आहे, ढगफुटीची नव्हे. हस्त-चित्रा धो धो बरसल्या तर रान महिनाभर वाफशावर येत नाही, पेरणी नोव्हेंबरात जाते आणि घाटे भरायची वेळ उन्हाच्या तडाख्यात सापडते. ३५ अंशांच्या वर पारा गेला की हरभऱ्याची फुलं घाटे धरत नाहीत. उशिरा पेरलेल्या पिकाला ओल तुटल्यावर कोरडी मूळकूजही जास्त गाठते. आणि जास्त ओलीत हरभरा माजतो. नुसती पानं, घाटे नाहीत.

हरभऱ्याच्या पानांवर आंबट द्रव असतो, आंब. पहाटे पिकावर पांढरं फडकं फिरवून ते पिळलं की मिळते. पोटदुखीवर जुन्या घरांत ती अजून जपून ठेवतात. हीच आंब घाटे अळीला नकोशी असते. अवेळी पाऊस आला की ती धुऊन जाते आणि झाडाचं कवच उतरतं. ज्यांनी लहानपणी हरभऱ्यात अनवाणी फिरून पायांची आग अनुभवली आहे त्यांना हे कवच किती तिखट असतं ते सांगायला नको.

आपल्या वरणाचा दुसरा पाऊस

आपल्याकडे तूर कमी पडली की ती मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमारमधून येते. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कमी झाले, तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली आणि जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळीचा करारच केला. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, लोकांनी भावाकडे बघून तूर पेरली, आणि २०१७ च्या सुरुवातीला खरेदी केंद्रांवर शेतकरी बारदाना (पोती) नाही म्हणून रांगेत मुक्काम करत होते. एका हंगामाच्या भावावर पुढच्या हंगामाची पेर, आणि मध्ये पाऊस आपल्या मर्जीचा. हा झोका दर काही वर्षांनी येतो.

पण आयात हा भरवशाचा आधार आहे असंही नाही. पूर्व आफ्रिकेतली तूरही पावसावरच आहे. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने मोझांबिकचं बैरा शहर झोडपलं, २०२३ मध्ये फ्रेडीने मोझांबिक आणि मलावीला. आणि प्रशांत महासागर तापून एल निनो तयार होतो तेव्हा आपला मान्सून बऱ्याचदा मार खातो, तर त्यानंतर काही महिन्यांनी आफ्रिकेचा दक्षिण भागही कोरडा पडतो. ऑगस्ट २०२३ चा आपला खंड आणि २०२४ च्या सुरुवातीचा मलावी-झांबिया भागातला दुष्काळ, दोन्हींच्या मागे तोच एल निनो होता. म्हणजे आपली कोठी आणि ज्याच्याकडून उसनं आणायचं त्याची कोठी एकाच कारणाने रिकामी होऊ शकते. पुण्या-मुंबईत पातेल्यात डाळ टाकणाऱ्यानेही हे समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय?

पाऊस आपल्या हातात नाही, वाफसा मात्र बराचसा आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिथे काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित झाली, जिला आता सगळे बीबीएफ म्हणतात. पीक उंच वरंब्यावर, दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाऊस आला की सरीतून पाणी बाहेर, कमी आला की तीच सरी ओल धरून ठेवते. यंत्र नसेल तर शेवटच्या कोळपणीला, म्हणजे ओळींमधलं तण काढताना, कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार-सहा ओळींनंतर सरी पाडता येते. खर्च दोरीचा. माझ्या मते कडधान्याच्या शेतीत पाणी बाहेर काढण्याइतकं महत्त्वाचं आणि इतकं दुर्लक्षित काम दुसरं नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या पाणी अडवायला शिकलो, सोडायला शिकलो नाही.

दुसरं वाणांचं. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचा बीडीएन ७११ हा वाण दिला, जो दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत निघतो. जुना बीएसएमआर ७३६ त्याहून बरेच दिवस जास्त घेतो. हलक्या-मध्यम रानात, जिथे डिसेंबरात ओल तुटते, तिथे हे दिवस म्हणजे पीक आणि तुराट्या यांच्यातला फरक आहे. भारी रानात लांब मुदतीचा वाण अजूनही जास्त देतो. सगळ्यांनी एकच वाण धरू नये, एकाच घराने दोन ठेवावेत. काही जण मेअखेर पिशवीत तुरीची रोपं करून पाऊस स्थिर झाल्यावर लावतात. पेरणी लांबली तरी झाडाचं वय वाया जात नाही. मजुरी लागते, पण एक-दोन एकरांना जमतं.

आणि इरवड सोडू नका. सोयाबीनमध्ये किंवा मुगा-उडदात तुरीच्या ओळी टाकण्याची रीत पावसाच्या लहरीवरच बेतलेली आहे. एकाचं फूल ऑगस्टमध्ये, दुसऱ्याचं नोव्हेंबरात; एकच खंड दोघांना मारू शकत नाही.

सरकारी मोजमापाबद्दलही बोलायला हवं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पण एका मंडळात कितीतरी गावं असतात, मापक एका गावात असतो आणि आताचा पाऊस एका शिवारात पडून शेजारचं कोरडं सोडतो. शिवाय ४० मिलिमीटर पाऊस लागोपाठ पाच दिवस झाला तर अतिवृष्टीची नोंद एकदाही होत नाही, तूर मात्र मेलेली असते. गावोगाव पर्जन्यमापक आणि सोबत मातीच्या ओलीची नोंद, ही मागणी कर्जमाफीइतक्या जोरात कधी होताना मी ऐकलेली नाही. व्हायला हवी.

आमच्या खालच्या अंगाचं पाणी हलत नव्हतं, त्याला कारण पाऊस नव्हता. त्याच्या खाली तात्यांचं रान. मी बांध फोडून चर काढायला लागलो की ते बांधावर येऊन उभे राहायचे. “तुझं पाणी माझ्या अंगावर सोडतोस होय रे?” त्यांचंही खरं होतं, त्यांची तूर माझ्याआधी पिवळी पडायची. या दिवाळीनंतर मी त्यांना बादलीत धुतलेली मुळं नेऊन दाखवली, माझी आणि त्यांची, गाठी फोडून. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मग ओढ्यापर्यंत नेऊ की. माझ्या बाजूने काढ, पण सोयाबीनच्या रानाला धक्का लावू नको.” मेमध्ये जेसीबी सांगितला आहे, भाडं निम्मं-निम्मं.